बैठकीतला शब्द, घरातला अबोला

प्रति,
कोल्हापूर जिल्ह्यातल्या सर्व वधू-वर सूचक मंडळांचे संयोजक

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना मी चेहऱ्यानं माहीत आहे. मेळाव्याच्या दिवशी हॉलच्या दारात टेबल टाकून बसते, नोंदणीची पावती फाडते, फॉर्मला फोटो टाचते आणि "मुलीकडचे डावीकडे, मुलाकडचे उजवीकडे" असं दिवसभर ओरडते, ती मीच. नऊ वर्षं झाली. त्याआधी ज्युनिअर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत होते. आणि मुलाची आईही आहे. मुलगा एकतीसचा, बी.एस्सी. ॲग्री, करवीर तालुक्यात साडेतीन एकर ऊस, गोठ्यात चार म्हशी. त्याचा फॉर्म चार वर्षं तुमच्याच गठ्ठ्यात पडून आहे. तेव्हा हे पत्र निःस्वार्थ बुद्धीनं लिहिलंय असा माझा दावा नाही.

मागच्या मेळाव्यात मुलांचे फॉर्म दोन रबरांत मावेनात. मुलींचे एका चिमट्यात बसले. राधानगरीकडून आलेल्या एक मावशी माझ्या टेबलापाशी तासभर उभ्या होत्या. "मॅडम, पोरगी बघा की ओ एखादी. आमाला काय बी नको. नारळ आणि मुलगी. दोन्हीकडचा खर्च आमीच करतो." शेजारच्या खुर्चीतले एक काका म्हणाले, "अहो, पोरींना शेती पाहिजे, शेतकरी नको." सगळे हसले. मावशी हसल्या नाहीत.

हा विनोद आता तुमच्या व्यासपीठावरूनही होतो. पाठोपाठ मुलींच्या वाढलेल्या अपेक्षांवर भाषण होतं, पालकांना समजुतीचे चार शब्द सांगितले जातात आणि जेवणाची पंगत बसते. २०२२ च्या डिसेंबरात सोलापुरात तर लग्नाळू तरुण नवरदेवाच्या वेशात, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर गेले होते. मला त्या मोर्चाचं हसू आलं नाही, कारण त्यांचं निवेदन निदान सरकारला होतं. आपण मात्र सगळं बिल मुलींच्या नावावर फाडतो.

आधी बेरीज-वजाबाकी करू. २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे ८३९ मुली होत्या. राज्याचा आकडा ९१३ होता. आपण त्याच्याही बऱ्याच खाली. त्या मोजणीतली लेकरं आता पंचविशी-तिशीत आहेत, म्हणजे नेमकी माझ्या टेबलावरच्या फॉर्ममध्ये. लिंगनिदानाला बंदी घालणारा कायदा १९९४ चा आहे. पुढे आपल्याच जिल्ह्यात सोनोग्राफी यंत्रांवर सायलेंट ऑब्झर्व्हर, म्हणजे प्रत्येक तपासणीची नोंद ठेवणारं उपकरण, बसवले गेले, त्याचं देशभर कौतुक झालं. पण त्याच्या आधी जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. गठ्ठ्यात ज्या मुली आपण शोधतो आहोत त्यांतल्या कित्येक जन्मल्याच नाहीत, आणि त्या का जन्मल्या नाहीत हे उजवीकडच्या रांगेतल्या काही घरांना चांगलं माहीत आहे.

आता खरा मुद्दा. टंचाई झाली की भाव वाढतो, हे मी अकरावीच्या वर्गात पहिल्या महिन्यात शिकवायचे. आमच्या वेळी उलटी टंचाई होती. विजयेंद्र राव या अर्थतज्ज्ञांनी १९९३ साली खेड्यांतल्या आकड्यांवरून हुंडा का चढत गेला याचा हिशेब मांडला होता. लोकसंख्या वाढत असली की पुढची पिढी मागच्या पिढीपेक्षा संख्येनं मोठी असते. नवरा चार-पाच वर्षांनी थोरला शोधायचा, म्हणजे नवरे आधीच्या, संख्येनं लहान पिढीतले आणि नवऱ्या नंतरच्या, संख्येनं मोठ्या पिढीतल्या. मुली जास्त, मुलगे कमी, हुंडा वर. माझं लग्न १९९१ चं. पाच तोळे आणि एक स्कूटर. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा, म्हणून यादीत त्याला 'मानपान' म्हटलं होतं.

आज मुली कमी. मग मुलीचा भाव वाढला का? हॉलमध्ये वाढला, हे मावशींच्या 'नारळ आणि मुलगी'वरून दिसतंच. पण त्या मुलीचा सासरी शब्द वाढला का? मी लावून दिलेल्या लग्नांतल्या सात-आठ जणी अजून फोन करतात. त्यांच्या बोलण्यात मला तसं काही ऐकू येत नाही. बाजारात भाव वाढला आणि घरात वजन तेवढंच राहिलं, असं का व्हावं? या प्रश्नानं मला पुन्हा जुन्या पुस्तकांकडे आणि नव्या शोधनिबंधांकडे नेलं. निवृत्त माणसाला वेळ असतो.

कुटुंबाला अर्थशास्त्रात बसवलं ते गॅरी बेकर यांनी. १९७३ साली त्यांनी लग्नाच्या बाजाराचा सिद्धांत मांडला, पुढे १९९२ चं नोबेल मिळालं. त्यांच्या मांडणीत संसारात कोणाच्या वाट्याला काय येणार हे बाजारातच ठरतं. टंचाई ज्याची, त्याचा वाटा मोठा. आणि ठरलेलं पुढे पाळलं जातं असं त्यात धरलेलं आहे. अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले प्राध्यापक रॉबर्ट पोलक यांनी बोट ठेवलं ते नेमकं इथे. २०१९ च्या निबंधात ते विचारतात, लग्नाआधी ठरलेलं पुढे बांधील नसेल तर? खरी घासाघीस लग्नानंतर घरात होणार असेल आणि तिथे कोणाचं चालणार याचा अंदाज दोन्हीकडच्यांना आधीच असेल, तर? तर बाजारात माणसं निराळ्या नजरेनं निवड करतात आणि जोड्यासुद्धा निराळ्या लागतात.

हे वाचलं तेव्हा मला आपली बैठक डोळ्यासमोर आली.

सुपारी फुटण्याआधी दोन्हीकडचे पाच-पाच पुरुष सतरंजीवर बसतात, मध्यस्थ मधोमध. "पोरीला पुढं शिकू दे म्हणतोय आमी." "नोकरी करू दे की, कोण नको म्हणतंय?" "सून न्हाई ओ, लेक म्हणून नेतोय." सगळे माना डोलावतात, चहा येतो. मग याद्या होतात. याद्यांत काय उतरतं? तोळे उतरतात, हॉलचं भाडं कोणाकडे ते उतरतं, आहेराच्या साड्या, मानाचे फेटे, वाजंत्री. शिक्षणाचा शब्द उतरत नाही, नोकरीचा उतरत नाही. जे मोजून घेता येतं तेवढं कागदावर, बाकीचं चहाबरोबर पोटात.

आतल्या खोलीत बसलेली मुलगी हे सगळं ऐकत असते. असल्या शब्दाचं पुढे काय होतं हे तिनं आपल्या आईच्या संसारात पंचवीस वर्षं पाहिलेलं असतं. म्हणून ती शब्दावर विसंबत नाही, डोळ्यांना दिसेल ते बघते. पुण्यात फ्लॅट म्हणजे सासरचं घर सव्वादोनशे किलोमीटर लांब. नोकरी म्हणजे दर महिन्याला किती येणार हे दोघांनाही माहीत. उसाचं बिल कधी येणार, किती येणार, कोणाच्या खात्यावर येणार आणि त्यातलं तिला काय कळणार, यातलं एकही तिला बाहेरून दिसत नाही. आपण ज्याला 'पॅकेजची हाव' म्हणतो तो तिनं न पाळल्या जाणाऱ्या शब्दांवर उतरवलेला विमा आहे. मी मुलाची आई आहे, तरी मला ती चुकीची वाटत नाही.

(जाता जाता एक गंमत. बांधील करार नसले की जोड्या पसंतीक्रमानं लागतात, आणि त्याचं गणित गेल आणि शॅप्ली यांनी १९६२ मध्ये मांडलं होतं. त्यात मागणी घालत फिरणाऱ्या बाजूचं भलं होतं, नुसतं बसून होकार-नकार देणाऱ्या बाजूचं कमी. आमच्या वडिलांनी माझ्यासाठी चपला झिजवल्या, आता वरबाप झिजवतायत. गणिताप्रमाणे त्यांनी कुरकुर करायचं कारण नाही.)

तर मग घरातली घासाघीस कशी चालते? १९८० च्या आसपासच्या अर्थशास्त्रज्ञांनी त्यासाठी घटस्फोटाची धमकी धरली होती. म्हणजे नवरा-बायकोंपैकी ज्याला मोडून बाहेर पडणं सोपं, त्याचं घरात जास्त चालणार. कागदावर ठीक आहे. पण आपल्याकडे भाजीत मीठ जास्त झालं, दिवाळीला माहेरी जायचं की नाही, म्हैस विकायची की ठेवायची, यासाठी कोण घटस्फोटाची भाषा करतं? शेली लुंडबर्ग आणि पोलक यांनी १९९३ मध्ये म्हटलं की रोजच्या कुरबुरीत शेवटचा मुक्काम घटस्फोट नसतो. लग्न टिकतं, फक्त सहकार्य थांबतं. दोघंही आपापल्या ठरलेल्या कामात शिरतात. तो त्याचं करतो, ती तिचं, मधला व्यवहार बंद.

इंग्रजीत त्यांना त्यासाठी केवढं लांबलचक लिहावं लागलंय. आपल्याकडे त्याला एक शब्द आहे : अबोला.

अबोल्यातही स्वयंपाक होतो. "बाबांना सांग, ताट वाढलंय." डेअरीला दूध जातं. "आईला सांग, कॅन ठेवलाय." चूल तिची, सातबारा त्याचा. आणि अबोला कोण आधी मोडणार हे ठरतं ते कोणाच्या हातात काय आहे यावर. पहाटे साडेचारला उठून शेण काढायचं, वैरण टाकायची, धार काढायची ती बाई. दूध संस्थेचं सभासदत्व नवऱ्याच्या नावे. दहा दिवसांनी बिल निघतं ते त्याच्या खात्यावर. अशा घरात अबोला धरून ती किती दिवस टिकणार? पोराच्या वहीसाठीही तिला तोंड उघडावंच लागतं.

पैसा घरात आला की घराचाच झाला, कोणाच्या हातात आला त्यानं काय फरक पडतो, असं आमचे जुने सर म्हणायचे. इंग्लंडमध्ये याची परीक्षाच झाली. तिथे मुलांसाठीची सवलत पूर्वी बापाच्या करातून वजा व्हायची, त्याच्या पगाराच्या पाकिटात दिसायची. १९७० च्या दशकाच्या शेवटी ती बंद करून पैसे आईच्या हातात द्यायला सुरुवात झाली. लुंडबर्ग, पोलक आणि वेल्स यांनी त्या काळातले घरखर्चाचे आकडे तपासले, तर पुरुषांच्या कपड्यांच्या मानानं बायकांच्या आणि मुलांच्या कपड्यांवरचा खर्च वाढलेला दिसला. पैसे साधारण तेच होते, खिसा बदलला होता. दक्षिण आफ्रिकेत अर्थतज्ज्ञ एस्थर डुफ्लो यांना असंच दिसलं. पेन्शन आजीला मिळू लागली त्या घरातल्या नातींची तब्येत सुधारली. आजोबांच्या पेन्शननं तसा फरक पडला नाही. (आजोबांनी राग मानू नये.)

आपल्याला एवढं लांब जायला नको. जुलै २०२४ पासून लाडक्या बहिणीचे महिन्याला १,५०० रुपये बाईच्या स्वतःच्या खात्यावर येतात. योजनेबद्दल कोणाचं मत काही असो, आमच्या गावातल्या बँकेत तेव्हापासून पासबुक भरून घेणाऱ्या बायकांची जी रांग लागते, तशी मी आयुष्यात पाहिली नव्हती. एकीनं पहिल्या दोन हप्त्यांत स्वतःचा चष्मा केला. चार वर्षं ती शेजारणीकडून सुईत दोरा ओवून घेत होती.

आता जरा अवघड भाग. तो माझाच आहे, म्हणून लिहिते.

२००८ साली मी माझ्या भावाला हक्कसोड करून दिलं, म्हणजे माझा वाटा कागदोपत्री सोडला. कागल तालुक्यातली वडिलांची जमीन. भाऊ गाडी घेऊन आला, दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर आम्ही भजी खाल्ली, आत जाऊन मी अंगठा दिला, फोटो काढला, सही केली. येताना त्यानं साडी घेतली, चांगली भारीतली. कायदा माझ्या बाजूचा होता. महाराष्ट्रात मुलींच्या हक्काची दुरुस्ती १९९४ ची, देशभराची २००५ ची, आणि हा हक्क जन्मानंच मिळतो हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये आणखी स्पष्ट केलं. मला यातलं तेव्हाचं सगळं माहीत होतं, मी ते वर्गात सांगितलंही होतं. तरी सही केली, का? माहेर राहावं म्हणून. भाऊबीज राहावी म्हणून. आणि राहिली, भावानं मला कधी काही कमी केलं नाही, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही.

पण त्यानंतर चार-पाच वर्षांनी आमच्या घरात एक मोठा अबोला झाला. कारण आता सांगण्यासारखं नाही. मी बॅग भरून माहेरी गेले. आठ दिवस लाडात गेले. नवव्या दिवशी वहिनीनं सहज विचारलं, "ताई, भावजी न्यायला येणार हैत का तुमीच जाणार?" वाईट बोलली नाही ती. पाहुण्याला विचारावं तसं विचारलं. जिथे जायचा आधार आहे म्हणून मी घरात ताठ मानेनं बसू शकले असते, तो आधार राखण्यासाठी मी सही केली होती, आणि त्या सहीनंच मी तिथे पाहुणी झाले होते. अर्थशास्त्र शिकवणाऱ्या बाईला हे नवव्या दिवशी कळलं. अबोला मीच मोडला.

याची दुसरी बाजू तर मला याहून उशिरा दिसली. माझ्या मुलाच्या फॉर्मवर 'शेती : साडेतीन एकर' असं मी माझ्या हातानं लिहिलं. त्या साडेतीन एकरांत माझ्या दोन नणंदांनी सोडून दिलेला वाटा आहे. तुमच्या गठ्ठ्यातल्या जवळजवळ प्रत्येक फॉर्मवर, त्या रकान्यात, कोणत्या तरी आत्याची सही दडलेली असते. म्हणजे मुलगी बघायला गेलेल्या घरी आपण सांगतो, आमच्याकडे एवढी जमीन आहे. आणि ती मुलगी मनात म्हणत असणार, त्यातली मला किती? तुमच्याच लेकींना किती मिळाली, ते दिसतंय की.

अर्थतज्ज्ञ बीना अगरवाल यांनी आयुष्यभर हा एक प्रश्न धरून ठेवलाय, बाईच्या नावावर जमीन. केरळात त्यांनी प्रदीप पांडा यांच्याबरोबर पाहणी केली. ज्या बायकांच्या नावावर घरही नाही नि जमीनही नाही त्यांच्यात ४९ टक्क्यांनी नवऱ्याचा मार खाल्ला होता. ज्यांच्या नावावर दोन्ही होतं त्यांच्यात ७ टक्क्यांनी. हा विचार आपल्याकडे परका नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची हाक दिली तेव्हा गावोगावच्या शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन केली होती. शासनानंही पुढे नवऱ्याच्या अर्जावर बायकोचं नाव सातबाऱ्याला सहहिस्सेदार म्हणून लावायची सोय केली. आज तलाठ्याकडे त्यासाठी किती अर्ज येतात, तुम्हीच विचारून बघा.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. नोकरदार मुलाकडे पगार आहे, तो दिसतो. शेतकरी मुलाकडे दाखवण्यासारखं, दिलेला शब्द बांधील करण्यासारखं एकच आहे, सातबारा. आणि तेच तो टेबलावर ठेवत नाही. ठेवूही शकत नाही, कारण तीस वर्षांच्या मुलाचं स्वतःचं नावही पुष्कळदा त्यावर नसतं. उतारा बापाच्या नावे, नाहीतर अजून आजोबांच्याच. मुलीला शेतकरी नको असतो असं आपण म्हणतो. खरं तर तिला असा नवरा नको असतो जो स्वतःच्याच घरात अजून वाटेकरी झालेला नाही.

मेळाव्याचा फॉर्म बदला. 'शेती किती' याच्या खाली 'उतारा कोणाच्या नावे' हा रकाना घाला. दूध बिल आणि ऊस बिल कोणाच्या खात्यावर जमा होतं ते विचारा. मुलाच्या बहिणींनी हक्कसोड केलंय का, तेही विचारा. लोक चिडतील, दोन-चार जण फॉर्म फाडतील, नोंदणी फी परत मागतील, ती मी माझ्या पेन्शनीतून देईन. बैठकीत दिलेले शिक्षणाचे, नोकरीचे, वेगळ्या चुलीचे शब्द याद्यांत लिहून घ्या आणि त्या कागदावर मुलीची स्वतःची सही असू द्या. कोर्टात तो कागद कितपत टिकेल हा प्रश्न वेगळा. भावकीत तो वाचून दाखवता येतो, आणि आपल्याकडे भावकी कोर्टापेक्षा जवळ असते. माइक मुलीच्या मामाच्या हातातून काढून मुलीच्या हातात द्या, हे तर मी नऊ वर्षं सांगतेय.

'कुळी' आणि 'पोटजात' हे रकाने काढा असं लिहिणार होते. कोलकात्याच्या वर्तमानपत्रातल्या लग्नाच्या जाहिरातींवर अभिजित बॅनर्जी, डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काम केलंय. जातीबाहेर जावं लागू नये म्हणून लोक शिक्षणातली केवढी तफावत गिळायला तयार असतात ते त्यांना दिसलं. ज्या शाहू महाराजांनी शंभर वर्षांपूर्वी संस्थानात आंतरजातीय विवाहाला कायद्याची वाट करून दिली, त्यांचा फोटो तुमच्या व्यासपीठावर असतो. मी अधिक बोलत नाही.

तुमचा आक्षेप मला माहीत आहे. "मॅडम, जमीन नावावर केली आणि सहा महिन्यांत पोरगी निघून गेली तर? एजंटानं आणलेल्या मुली दागिने घेऊन पळाल्या, पेपरात वाचत नाही का?" वाचते. पण तिकडे एजंटाला लाखभर मोजायला आपण तयार असतो आणि तो पैसा मुलीच्या हातात एक रुपया न पडता दलालाच्या खिशात जातो, तेव्हा ही धास्ती कुठे असते? जोखीम आहेच. आजवर ती सगळी मुलीनं एकटीनं उचलली, घर सोडून, आडनाव सोडून, हक्कसोड करून. अर्धा एकर आपणही उचलून बघू.

आमच्या घरी हे सोपं गेलं नाही. यजमानांशी दोन आठवड्यांहून जास्त अबोला झाला. या खेपेला तो मी मोडला नाही, माझी पेन्शन माझ्या खात्यावर येते. सतराव्या दिवशी त्यांनीच विचारलं, "किती गुंठं म्हणत होतीस?" वीस गुंठे लग्नानंतर सुनेच्या नावे बक्षीसपत्रानं आणि दोन म्हशींचं दूध तिच्या स्वतःच्या सभासदत्वावर, असं ठरलंय. नणंदांना कसं आणि काय परत करायचं यावर अजून बोलणी चालू आहेत, त्यात मी घाई करणार नाही.

मुलाचा नवा फॉर्म सोबत जोडला आहे. हे सगळं लिहायला तुमच्या छापील फॉर्मवर जागा नव्हती, म्हणून मागच्या बाजूला लिहिलंय, खाली यजमानांची सही आहे. वाचून दाखवणाऱ्याला तेवढं पान उलटायला सांगा.

आपली,
नोंदणीच्या टेबलावरची कार्यकर्ती
कोल्हापूर